सुमनताईंचं नाक

सुमनताई कुठलीही वस्तू आधी नाकाशी नेत. कोथिंबिरीची जुडी असो, नवी उशी असो, नाहीतर पोस्टाने आलेलं पाकीट. माउंट रॉस्किल या उपनगरातल्या त्यांच्या घरामागची खोली भाड्याने बघायला गेले, तेव्हा त्यांनी माझ्या हातातला डबा मागून घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "तिळाची चटणी. तीळ जरा जास्त भाजलेस. राहा इथे."

मी साताऱ्याहून आलेली नर्स, त्या मूळच्या कोल्हापूरच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा रोहन दूर अप्पर हट गावी नोकरीला. जवळच्या पेनरोज भागात ऑस्ट्रेलियाहून वाईन मागवणाऱ्या एका कंपनीचं गोदाम होतं. तिथे त्या खोक्यांवर लेबलं चिकटवायला म्हणून लागल्या. एकदा जमिनीवर सांडलेल्या वाईनचा नुसता वास घेऊन ती कुठल्या खोक्यातली ते त्यांनी सांगितलं, आणि त्यांचा किवी साहेब केरी याने त्यांना चव बघायच्या टेबलाशी बसवलं. दुकानांना दर महिन्याला जाणाऱ्या यादीत प्रत्येक वाईनखाली दोन ओळी असत : चव कशी, आणि कशाबरोबर प्यावी. स्वस्तातल्या पांढऱ्या वाईन सगळ्या त्यांच्याकडे.

"महागडी वाईन स्वतःच बोलते," त्या म्हणत. "स्वस्तातलीला चांगलं स्थळ बघून द्यावं लागतं." इथल्या लोकांना आपल्याच वाईनचं कौतुक फार. "इथे ऑस्ट्रेलियाची पांढरी विकायची म्हणजे नागपुरात बाहेरची संत्री विकायची," असंही म्हणत.

ही स्थळं त्या रविवारी घरी बघत. पॅसिफिक बेटांवरून आलेल्या लोकांच्या भाजीच्या दुकानातून अळूची पानं आणून वड्या करत. चिंच-गुळामुळे त्यांच्याशी रीसलिंग वाईनच जमते, हा त्यांचा निकाल. रवा लावून तळलेल्या स्नॅपरला सेमियों, कारण "वरून लिंबू पिळायलाच नको." आणि पांढऱ्या रश्श्याला शार्डोने. केरी त्याचं इंग्रजी करताना 'नारळाच्या दुधातली कोंबडी' असं लिही, ते त्यांना मुळीच आवडत नसे. मी घोटभरच घेई. त्याही चव घेऊन बहुतेक वाईन बेसिनमध्ये ओतून टाकत.

त्या जुलैत त्यांना सर्दी झाली. सर्दी गेली, पण वास परत आला नाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही. एका संध्याकाळी मी घरी आले तर दारापर्यंत करपल्याचा वास, गॅसवर दूध आटून पातेलं काळं पडलेलं, आणि सुमनताई गॅसपासून दोन हातांवर यादी लिहीत बसलेल्या. मी गॅस बंद केला. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"महिना. जुन्या वह्या बघून लिहितेय. कुणाला बोलू नकोस वैशाली. येईल परत. सर्दीने जातोच वास."

मी म्हटलं, येईल. नर्स असून मी एवढंच म्हटलं.

मग मी त्यांचं नाक झाले. त्या बाटल्या घरी आणत, मी वास घेई, त्या लिहीत. एकदा मी म्हटलं, "ताई, याला तर रॉकेलचा वास येतोय," तर त्या कितीतरी दिवसांनी हसल्या. "म्हणजे रीसलिंग बरोबर आहे. तिला तसाच वास असतो." मला ते दिवस आवडत होते. आई गेल्यावर इतकं जवळ मला कुणी बसवलं नव्हतं. डॉक्टरकडे जायचं मी दोनदा सुचवलं. त्या म्हणाल्या, "गेले तर कामावर कळेल." मी विषय सोडला.

जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, एक शार्डोने आली. मी सांगितलं, शिजवलेल्या सफरचंदासारखा वास आहे. त्यांनी तो पिकल्या फळाचा धरला आणि दोन चांगल्या ओळी लिहिल्या. खरं तर कंटेनर बंदरावर उन्हात राहून वाईन बिघडलेली होती. दुकानांतून खोकी परत येऊ लागली, आणि ठपका गोदामातल्या माणसांवर आला. हे कळलं त्याच सकाळी सुमनताई केरीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला वास येत नाही, सहा महिने झाले. केरीने त्यांना खुर्ची दिली. दुसरं काम देतो म्हणाला. आभार मानून त्या बसने घरी आल्या आणि पुन्हा गोदामात गेल्या नाहीत.

त्यानंतर त्या स्वयंपाकात मीठ दोनदा घालू लागल्या, बोलता बोलता थांबू लागल्या. मी ते दुःखाच्या खाती टाकलं. मार्चमध्ये त्या अंगणात पडल्या, आणि स्कॅनमध्ये कपाळामागे गाठ दिसली. नाकाच्या नसांवर दाब देत वाढलेली. वास जाणं ही तिची पहिली खूण होती. डॉक्टर म्हणाले, आधी आल्या असत्या तर शस्त्रक्रिया सोपी झाली असती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसून रडले. "मी तुम्हाला ओढून न्यायला हवं होतं."

"हो, हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. मग माझा हात उचलून सवयीने नाकाशी नेला, क्षणभर तसाच धरला आणि खाली ठेवला. "पण मला सोबत हवी होती, आणि तुलाही. दोघी चुकलो."

त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. आठव्या दिवशी गेल्या.

अंत्यविधीनंतर रोहन माझ्याशेजारी उभा राहिला. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देतो. त्याने विचारलं, "डिड यू नो?"

"हो," मी म्हटलं. "ऑगस्टपासून."

तो वळला. मग गाडीकडे निघून गेला. नंतर त्याने मला कधी फोन केला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

आता मी एका क्लिनिकमध्ये आहे. मागच्या आठवड्यात एक आजोबा बीपी तपासायला आले आणि कोट चढवता चढवता सहज म्हणाले, हल्ली कॉफीचा वास येत नाही, वय झालं. त्यांना घाई होती, बस गाठायची होती. मी त्यांचा कोट हातात घेतला आणि म्हटलं, बसा, डॉक्टर आत आहेत, मी येते तुमच्याबरोबर.