इंदूरच्या कोर्टात चांदणी पापड

हसणार नाही म्हणा आधी, मंगच सांगतो. स्वतःच्या हातानं स्वतःचाच खटला बुडवणारा माणूस पाह्यला काय कधी? पाहून घ्या. तुमच्यासमोर चहा पिऊन राह्यला!

मोताळ्यात आमचा मुगाच्या पापडाचा धंदा. लाटणं, वाळवणं, हिशेब, सारं बायको सुनंदा पाहे. माह्या वाट्याले दोनच कामं. पाकिटं दुकानात पोचवणं अन् स्वप्नं पाहणं. 'चांदणी' हे नाव बी मलेच सुचलं. गच्चीवर वाळत घातलेले पापड पाहून वाटलं, आभाळच उतरलं हो इथं!

अन् एक दिवस इंदूरच्या कोर्टाचं समन्स आलं. तिथल्या एका पापडवाल्या शेठचं म्हणणं, 'चांदणी' नाव त्याचं, आम्ही चोरलं. नाव सोडा, वरून भरपाई द्या.

सुनंदा घाबरली. "दर तारखेले इंदूर गाठायचं त पापड कोण लाटीन?"

आमच्या वकीलबाई मात्र एकदम थंड. "भाऊ, तुमचा माल मध्य प्रदेशात जातो काय?"

"कायचा! जिल्ह्याबाहेर नाही जात."

"झालं त मंग! त्याहीनं नाव रजिस्टर केलं नाही, अन् तुम्ही तिथं माल विकत नाही. मंग खटला तिथं चालनच कसा? हेच मी जजसाहेबाले सांगीन. तुम्ही फक्त संगं या."

फक्त संगं या! एवढंच काम होतं हो माह्यं.

बसमंधी खिडकीपाशी बसलो. बाहेर कपाशी, मंग सातपुड्याचे निळे निळे डोंगर. डोळे उघडे होते, पण मी कुठं होतो? इंदूरच्या चौकात चांदणीची पाटी. भोपाळले चांदणी, दिल्लीले चांदणी. पार काश्मीरात बर्फावर पापड वाळून राह्यले! बर्फावर वाळतीन काय? अहो, स्वप्नात सारं वाळते.

कोर्टात वकीलबाई आत कागद द्याले गेल्या. मी बाहेर बाकावर. बाजूले एक आजोबा, पांढरेशुभ्र कपडे, गोड चेहरा.

"कहाँ से आए, भैया?"

"मोताळा से. पापड बनाते हम. चांदणी पापड!"

"अच्छा! कैसा रहता है?"

सुनंदानं डब्यात भाजलेले पापड दिलेच होते. दिला एक. कुर्रकन् आवाज! आजोबांनं डोळे मिटले. "वाह! इंदौर में मिलेगा?"

आता स्वप्नच बाजूले बसून विचारून राह्यलं, त नाही कसं म्हणावं? पिशवीतलं बंद पाकीट काढलं, दिलं, पैसे बी घेतले. वरून म्हणलं, "क्यूँ नहीं मिलेगा! जितना बोलो उतना भेजेंगे!"

तेवढ्यात आमच्या नावाचा पुकारा झाला. मी उठलो. आजोबा बी उठले. आत जाऊन समोरच्या बाजूले उभे राह्यले. तेच शेठ!

वकीलबाई रंगात आल्या होत्या. "हुजूर, इनका एक भी पैकेट इंदौर में नहीं बिका."

शेठच्या वकिलानं पाकीट वर धरलं. "हुजूर, अभी बाहर खरीदा है."

जजसाहेबांनं माह्याकडं पाह्यलं. "आपने बेचा?"

कोर्टात खोटं कसं बोलू? हात जोडले. "जी साहब. एकदम ताजा है."

अख्खं कोर्ट हसलं. वकीलबाई सोडून.

पुढच्या तारखेले त्या अन् सुनंदा, दोघीच गेल्या. तडजोड करून आल्या. छापलेली पाकिटं खपू द्यायची, मंग नाव बदलायचं, भरपाई माफ. धंदा वाचला.

मी मात्र रुसून बसलो. "बाई, मले काऊन नाही नेलं?"

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, समोरच्या पार्टीचा साक्षीदार आपल्या खर्चानं काऊन न्यायचा?"