उघाडीची धार

खाडीच्या चिखलाचा खारट वास आला की मला केळव्याची ती दुपार आठवते. पालघरला टूडी इको काढून आठवडा झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, थोडं रक्त मागे येतं, पण औषध नको, वर्षाने पुन्हा दाखवा. म्हणजे मी आजारी की बरी, हेच कळेना. मी विहिरीचं पाणी शेंदणं सोडलं, पायऱ्या मोजून चढू लागले आणि कुणी विचारलं की चिडायचे. शेवटी सासरे म्हणाले, "चल पोरी, उघाडीवर जाऊ." भरतीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून बांधात लाकडी झडप बसवतात, तीच उघाडी. भरती चढत होती. पाण्याच्या रेट्याने फळी मिटली, तरी कडेने बारीक धार आत येतच राहिली. मी घाबरून म्हटलं, "मामा, ही तर गळते!" "माझ्या बापाच्या वेळेपासून गळते," ते शांतपणे म्हणाले. "भात पिकायचं थांबलं नाय. पन मी येऊन बघतो. धार वाढली, तर फळी बदलायची." घरी आल्यावर मी कळशी घेऊन विहिरीवर गेले. आता सासरे नाहीत, उघाडीवर मीच जाते. परवा वर्षाच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? म्हटलं, "त्रास नाही. धार तेवढीच आहे ना, ते सांगा."