आर्डिसने क्लेटला दिलेला ॲक्सल

आर्डिस रिंडलरच्या भंगाराच्या आवारात मी एकोणीस वर्षं जातोय. हिवाळ्यात तिच्या फाटकापासून दारापर्यंतचा बर्फ मी बाजूला करतो. तिच्या कुत्र्याला लस टोचायला मी नेतो. तिचा नवरा मायलो गेला तेव्हा शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत मी होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिकतीत मी काही फार चांगला दिसत नाही.

आमच्या पश्चिम ओहायोत ऑगस्ट म्हणजे जत्रा, आणि जत्रा म्हणजे ट्रकची ओढ. ट्रकमागे लोखंडी घसरगाडी जोडतात. ट्रक पुढे जातो तसं तिच्यावरचं वजन सरकत पुढे येतं आणि ट्रकचं बूड दाबत जातं. जो जास्त लांब ओढेल तो जिंकला. इंजिनाच्या गप्पा सगळेच मारतात, पण तुटतो तो मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आस. तो कुणी कुठला घ्यायचा हे आमच्याकडे आर्डिस सांगते. स्वतः ती आयुष्यात कधी ओढीला उतरलेली नाही.

एकाहत्तर वर्षांची ठेंगणी बाई, अंगात मायलोचं जाकीट. ॲक्सलच्या तेलात बोट बुडवून ती हुंगते, आणि जळका वास आला की झाकण लावून पुढे चालू लागते. आतला दांडा दोरीला टांगून त्यावर हातोडी मारते आणि नाद ऐकते. गियर किती पटीचा आहे हे पट्टीवर कोरलेलं असतं, पण ती पट्टीवर विश्वास ठेवत नाही. चाकावर खडूची रेघ मारून, हाताने फिरवून स्वतः मोजते. एवढं झालं की ती तुमच्या ट्रकबद्दल नाही, तुमच्याबद्दल विचारते. सुटताना घाई करतोस का, पॅडलवरचा पाय कधी उचलतोस.

आवाराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक ॲक्सल होता, लष्कराच्या पाच टनी ट्रकचा. मायलोने आणलेला, पण कधीच न बसवलेला. तो बसवण्याआधीच मायलोच्या ट्रकचा जुना ॲक्सल ऐन ओढीत तुटला, चाक निसटलं, ट्रक कलंडला आणि मायलोचा डावा पाय गुडघ्यापासून गेला. त्यानंतर तो कधी ओढीला उतरला नाही. ताडपत्रीखालचा तो ॲक्सल मी नऊ वर्षं मागत होतो आणि आर्डिस नऊ वर्षं नाही म्हणत होती. कुणालाच देत नाही म्हटल्यावर माझीही तक्रार नव्हती.

मग हा क्लेट होमन उगवला. चौतिशीचा, कोंबड्यांच्या फार्मवर कामाला, हसरा. एका मोसमात दोन ॲक्सल तोडलेला माणूस. आवारात यायला लागून त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये आम्ही पत्ते खेळतो. तिथे आर्डिसचा भिडू मी असायचो; वसंतात तिने माझ्या जागी क्लेटला समोर बसवलं. त्याला पत्ते नीट पिसताही येत नाहीत. मी पलीकडच्या टेबलावरून बघत बसायचो आणि माझ्या पोटात दुखायचं.

जूनमध्ये गेलो तर ताडपत्री घडी घालून ठेवलेली. कुठे गेला, म्हणून विचारलं.

"क्लेटला दिला," आर्डिस म्हणाली.

"मी नऊ वर्षं मागतोय."

"माहीत आहे मला. तुझा आहे तो चांगला बसलाय, लोवेल. कशाला उपटतोस?"

माझ्या अंगाची नुसती आग झाली. त्याच आठवड्यात इंडियानात जाऊन मी क्लेटच्यापेक्षाही जड ॲक्सल आणला. नाद ऐकला नाही, तेल हुंगलं नाही. फक्त जाडी बघितली. बसवल्यावर मुद्दाम आर्डिसच्या दारावरून ट्रक नेला. तिने वाकून खाली पाहिलं आणि एवढंच विचारलं, की काट्यावर चढवून बघितलास का. मी हो म्हणालो. ते खोटं होतं.

आमच्या गटाला वजनाची मर्यादा असते. जत्रेत काट्यावर माझा ट्रक दोनशे ऐंशी पौंड जास्त भरला. ट्रकच्या पुढे, नाकावर टांगलेली वजनं काढण्यावाचून इलाज नव्हता, आणि ती वजनंच नाक खाली धरून ठेवतात. व्हायचं तेच झालं. घसरगाडीने बूड दाबताच नाक वर गेलं, पुढची चाकं हवेत फिरत राहिली आणि दोनशे अकरा फुटांवर मी थांबलो. क्लेटने दोनशे चौऱ्याण्णव ओढले. लोक त्याची पाठ थोपटत होते आणि मला मनापासून वाटत होतं की त्याचं काहीतरी तुटावं. खरं ते सांगतो.

आर्डिस कुंपणापाशी उभी होती. मी तडक तिच्याकडे गेलो आणि विचारलं, की एकोणीस वर्षांत माझं काय चुकलं.

"तुझं कधीच काही चुकलं नाही," ती म्हणाली. "तू वेळेवर पाय उचलतोस. क्लेट उचलत नाही, मायलोही उचलत नसे. क्लेट सुटला की मी डोळे मिटून घेते. जड ॲक्सल त्याला जिंकायला नाही दिला, धड घरी जावा म्हणून दिला."

"आणि मी सुटल्यावर?"

"तू सुटल्यावर मी निवांत सँडविच खाते."

म्हणजे तिने कौतुकच केलं होतं. कुणीही शहाणा माणूस खूश होऊन घरी गेला असता. मी मात्र घरी जाईपर्यंत जळत होतो, आणि आता तर जास्तच. माझ्यासाठी डोळे मिटून घेणारं कुणी नाही, आणि त्या पोरगेल्या माणसासाठी आहे.

दोन आठवड्यांनी शेजारच्या जिल्ह्याची जत्रा होती. मी जुना ॲक्सल परत बसवला, नाकावर वजनं टांगली आणि ट्रक काट्याला बरोबर उतरला. क्लेटने आधी दोनशे अठ्ठ्याऐंशी ओढले. मी सुटलो तो सरळ, नाक जमिनीला धरून, आणि तीनशे दोनवर ट्रक रुतला. समोर निशाणवाल्याने लाल निशाण धरलं. तिथे पाय उचलायचा असतो. उचलला असता तर त्या मोसमातलं पहिलं बक्षीस माझं होतं.

मी पाय दाबून ठेवला. मागून ॲक्सल कण्हायला लागला, चाकं माती उकरत खाली जायला लागली, आणि मी निशाणाकडे न बघता कुंपणाकडे बघत होतो. गर्दीत आर्डिस दिसेना. निशाणवाला धावत आला, दार बडवायला लागला, तेव्हा कुठे मी पाय काढला. निशाण न पाळल्याबद्दल मला बाद केलं.

आर्डिस मैदान ओलांडून आली. तिने पहिल्यांदा खाली वाकून ॲक्सल पाहिला, मग मला.

"मेला असतास," ती म्हणाली. "काय करत होतास तू?"

"तू काय करत होतीस?" मी विचारलं.

तिला खरंच कळलं नव्हतं मी काय विचारतोय.

"मी? जेवत होते," ती म्हणाली.