बंद झोपड्यांची नोंद

कोळशाच्या भट्टीचा धूर नाकात गेला की ते प्रकरण मला आजही आठवते. लढाईचे दिवस होते. मी कर्जत तालुक्यातल्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. वर्दी कडक होती आणि डोके त्याहून कडक.

एका संस्थेचे मास्तर तेव्हा गावोगाव पाहणी करत फिरत होते. वस्ती किती, पिण्याचे पाणी किती लांब, शाळा आहे की नाही, सारे एका वहीत लिहून घेत. लढाई संपल्यावर विहिरी आणि शाळा कुठे द्यायच्या, हे त्यावरून ठरणार होते. चैत्रातल्या एका दुपारी पोशीरच्या चावडीतून ती वहीच नाहीशी झाली. बेचाळीसच्या चळवळीची धग अजून होती, त्यामुळे वरिष्ठांना भूमिगतांचा संशय. आरोपी ताबडतोब हजर करा, असा हुकूम आला.

तिसऱ्या दिवशी नेरळच्या एका चहावाल्याने खबर दिली. डोंगरातल्या वाडीवरचा एक म्हातारा कातकरी वही काखोटीला मारून आला होता आणि यात आमची वाडी कुठे आहे, असे गिऱ्हाइकांना विचारत होता. चोरलेला माल चारचौघांत वाचून घेणारा चोर मी पहिल्यांदाच ऐकला. संध्याकाळच्या आत म्हातारा वहीसकट ठाण्यात होता.

तुला कोणी पाठवले, हा माझा एकच प्रश्न. हवालदाराने दंडुका आपटून पाहिला, मी कोठडीची भीती घातली. तासभर हेच चालले. शेवटी मी वैतागून विचारले, की बाबा, तुला ही वही हवी तरी कशाला होती? तेव्हा कुठे त्याने तोंड उघडले. डोंगरातली ही माणसे साहेबालाही अरे-तुरे करतात. त्यात उद्धटपणा नसतो.

“सायेब, आदी आमचं पान वाच.”

मी वाचले. झोपड्या अकरा, सर्व बंद. वाडी ओसाड. विहिरीची गरज नाही.

“ओसाड कशी रं? दिवाळी झाली का आमी दारं बांधून कोळशाच्या भट्टीवर जातो. शिमग्याला माघारी येतो. मग पाऊस पडंपत्तर पानी डोंगराखालनं आनतो. पाटलाचा मानूस बोलला, कागदात तुमी नाय, तर तुमाला हीर पन नाय. थोरली सून त्याच वाटंवर पडून गेली. धाकटीला सातवा म्हैना हाय.”

वही फाडायची नव्हती, जाळायची नव्हती. कोणीतरी त्यात वाडी लिहून द्यावी, एवढेच त्याला हवे होते.

मी मास्तरांना बोलावून घेतले आणि चांगलेच फैलावर घेतले. ते खजील झाले. वाडीवर चढलोच नाही, म्हणाले, तुमच्या ठाण्याच्या गावनोंदवहीतून उतरवून घेतले. मी नोंदवही काढली. मजकूर तसाच होता. पौषातल्या गस्तीचा. खाली सही माझी.

मला ती गस्त आठवली. बंद झोपड्या पाहिल्या, कोणाला काही विचारले नाही, आणि ओसाड लिहून मोकळा झालो. मास्तरांनी निदान माझ्या नोंदीवर विश्वास तरी ठेवला होता. मला तेवढीही सबब नव्हती. म्हाताऱ्यापुढे मान वर करणे जड गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे वाडीवर चढलो. अर्ध्या वाटेत मला धाप लागली, आणि माझ्या डोक्यावर हंडा नव्हता. मास्तर झोपडी-झोपडी लिहीत होते, तेवढ्यात धाकटी सून पाणी घेऊन वर आली. एका हाताने हंडा धरलेला, दुसरा कमरेवर.

म्हातारा मास्तरांना म्हणाला, “हिला दोन लिव.”

नियमात ते बसत नव्हते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, मी दुसरीकडे पाहिले. त्यांनी दोन लिहिले.

मास्तरांनी तक्रार मागे घेतली. वही मिळून आली, एवढाच अहवाल मी वर पाठवला. विहीर झाली, पण बऱ्याच वर्षांनी. माझी तोवर बदली झाली होती. पुढे नोकरीत बंद दारे पुष्कळ पाहिली. माणसे कुठे गेली, हे विचारल्याशिवाय मी एकाही दाराची नोंद केली नाही. ते शिकवणाऱ्याला मात्र मी तासभर उभे ठेवले होते, आणि पाणी विचारायचे राहून गेले होते.