फोटोत नसलेली गाय

दुबईतल्या अल कुसैसहून, भावाच्या घरून निघतानाच माझं डोकं तापलं होतं. केनिया बघायची माझी जुनी हौस, आणि माझा भाऊ प्रसाद म्हणत होता, "ताई, केनियाला कशाला जातेस? अल क्वोजमध्ये एक्झिबिशन लागलंय. एसीत सगळ्या ट्राइब्ज बघ. यल्ला, चल!"

अल क्वोज म्हणजे गोदामं, गॅरेजं आणि कामगारांच्या खोल्या. त्यातल्याच एका गोदामाला पांढरा रंग देऊन चित्रदालन केलेलं. आत पूर्व आफ्रिकेतल्या जमातींचे भिंतभर फोटो: दूध काढणारी, मणी ओवणारी, शेणामातीनं घर लिंपणारी माणसं. फोटो सुंदर होते, खोटं कशाला बोलू? पण खाली नाव एकाचंही नाही. शुका (अंगावर घ्यायचं लाल चौकडीचं कापड) गुंडाळलेल्या एका बाईखाली लिहिलं होतं, 'मसाई स्त्री. लोप पावत चाललेलं जग.'

तिथे थांबले तशी दारावरची गार्ड हळूच जवळ आली. नसेरियान तिचं नाव, केनियाची.

"मॅडम, ही माझी येयो (आई)."

तिनं मोबाइलवर दुसरा फोटो दाखवला. तीच बाई, अंगात स्वेटर. फोटो काढणाऱ्यानं प्रत पाठवतो म्हणून सांगितलं होतं, ती कधी गेलीच नाही. इथे फोटोंचे फोटो काढायला मनाई, आणि ती मनाई राबवायचं काम हिच्याच गळ्यात!

"आईला व्हिडिओ कॉल लाव," मी म्हटलं. "फोन मी धरते. बोलणी बसली तर मला बसतील."

लोप पावत चाललेल्या बाईंनी लगेच फोन उचलला. मी तो भिंतीकडे वळवला. बाई निरखत राहिल्या, मग काहीतरी विचारलं. पुन्हा तेच विचारलं. नसेरियानचा चेहरा उतरला.

"विचारते, गाय कुठंय? एकटी उभी राहायला ती तयारच नव्हती. गाईबरोबर काढत असशील तर काढ, म्हणाली होती. लग्नात मिळालेल्या गाईच्या वंशातली ती शेवटची. पुढे दुष्काळात गेली. तिचा दुसरा फोटो नाही."

मी जवळ जाऊन पाहिलं. बाईंचा हात कशावर तरी टेकलेला होता, आणि नेमका तिथेच फोटो छाटला होता.

फोटोग्राफर साहेब पलीकडेच लोकांशी हात मिळवत होते. तडक जाऊन विचारलं.

"हो, होती गाय," ते हसले. "पण नजर तिच्याकडेच जायची."

"मूळ फोटो द्या."

"ईमेल टाका, बघू."

"खलास, ताई, चल," प्रसादनं माझं कोपर धरलं. "सीन नको करूस."

केलाच मी सीन. गाईंवर जीव टाकणाऱ्या माणसांची जगाला ओळख करून द्यायची आणि गायच काढून टाकायची! लग्नाच्या फोटोतून नवरा छाटतं का कुणी? सगळं दालन वळून बघत होतं. "पाठवतो," साहेब शेवटी म्हणाले.

आता पुण्याला परतलेय. ईमेल टाकतेच आहे, उत्तर नाही. राग अजून गेलेला नाही, जाऊही नये असं वाटतं. नसेरियानचा निरोप मात्र येतो. परवाही आला: "येयो विचारते, इंडियाच्या बाईंना गाय सापडली का?"