दोन मोटांचं काळीज

नर्सिंगच्या पहिल्या परीक्षेत मी नापास झाले ते अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी काळजाचा अख्खा धडा मी एका दमात म्हणून दाखवला असता. अडचण एवढीच झाली की परीक्षकांनी मधूनच विचारलं. 'द हार्ट इज अ हॉलो मस्क्युलर ऑर्गन' इथून मी सुटले होते आणि रंगात आले होते, तेवढ्यात त्यांनी हात वर करून विचारलं, की डाव्या कप्प्यातलं रक्त पुढे कुठे जातं? मी घसा साफ केला आणि पुन्हा 'द हार्ट इज' पासून सुरुवात केली. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी त्यांनी मला पाणी दिलं आणि बाहेर पाठवलं.

घरचा कारभार थोरल्या भावाकडे होता. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावातून पोरगी नगरच्या इस्पितळात शिकायला धाडली म्हणून भाऊबंदांनी दादाला आधीच नावं ठेवली होती. वर मी हा दिवा लावला. त्याने पत्र धाडलं: "आणखी एकदा बस. नाही जमलं तर त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन." राहुरीकडचं एक बिजवराचं स्थळ त्याने हेरून ठेवलं होतं. दोन मुलं होती, आणि दारात पिठाची गिरणी. दादाला नवऱ्यापेक्षा गिरणीच जास्त पसंत होती. मला दोन्ही नको होतं. मला पास झालेल्या मुलींना मिळायची ती पांढरी टोपी हवी होती, आणि तिच्यासाठी मी रडायचीसुद्धा. आज हसू येतं, पण तेव्हा खरोखर रडायची.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळायचं नाही, म्हणून अभ्यास उजेडातच उरकावा लागे. दुपारी पुरुषांच्या वॉर्डात जरा निवांत असे. तिथे खिडकीपाशी उभी राहून मी धडा घोकत असायची. खिडकीजवळच्या खाटेवर संगमनेरकडचे एक म्हातारे होते. सारा जन्म बैलांमागे विहिरीवरची मोट हाकण्यात गेलेला. मोटेचा दोर, म्हणजे नाडा, तुटून ते धावेवरून, बैलांच्या उतारावरून, खाली गडगडले आणि मांडीचं हाड मोडलं. आता त्यांचा पाय दोरीने बांधून चाकावरून टांगला होता आणि दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी लोंबत होती. सगळा वॉर्ड त्यांना बाबा म्हणे.

"शिष्टरबाई, रोज दुपारी काय पुटपुटता?" एक दिवस त्यांनी विचारलं. "मंतर हाय का?"

"नाही बाबा, अभ्यास आहे. काळजाचा."

"मग आमालाबी सांगा की. पाय टांगलाय, आमी कुटं पळून जानार हाय?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की इंग्रजी वाक्यं काढून घेतली तर माझ्याजवळ सांगण्यासारखं काहीच नाही. तरी म्हटलं, "छातीत एक पंप असतो, तो अंगभर रक्त..."

पंप म्हटल्याबरोबर शेजारच्या खाटेवरचे मिस्त्री उठून बसले. ते नगरचेच. विहिरीवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करायचे, आणि इंजिनाच्याच पट्ट्यात हात सापडून दोन बोटं चिरडून घेऊन आले होते. "बरोब्बर," ते म्हणाले. "पंपच आहे."

बाबांना इंजिनाचं नाव खपत नसे. त्यांनी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. "पंप न्हाई. हे बगा, वढतंय, थांबतंय, पुन्ना वढतंय. इंजिन असं थांबतं व्हय? ही मोट हाय. बैल धावेवरनं खाली गेलं की पानी थारोळ्यात पडतं. बैल मागं आलं की तेवढाच इसावा."

"आणि पडलेलं पाणी उलटं मागे आलं तर?" मिस्त्री म्हणाले. "वाल नको का? बेटी, सांग याला. मोटेला कधी वाल पाहिलाय?"

मी पुस्तक उघडलं. विसावाही होता, आणि झडपाही होत्या. आठ महिने ही दोन्ही वाक्यं मी रोज म्हणत होते, आणि त्यांचा अर्थ मला टांगलेल्या पायाचा एक म्हातारा आणि दोन बोटं गमावलेला मिस्त्री सांगत होते. मला दोघांचाही राग आला, आणि माझा स्वतःचा जरा जास्तच.

मग रोज दुपारी शाळा भरू लागली. काळजाला दोन बाजू असतात, उजवी वापरून नासलेलं रक्त फुप्फुसाकडे पाठवते आणि डावी तिथून साफ होऊन आलेलं अंगभर, असं मी सांगितलं. बाबा म्हणाले, म्हणजे ही दोन मोटांची विहीर. पण एकाच विहिरीतलं पाणी उजव्या मोटेला नासकं आणि डाव्या मोटेला चांगलं कसं?

"मध्ये भिंत असते, बाबा. इकडचं रक्त तिकडे जात नाही."

"आसं व्हय," बाबा समाधानाने म्हणाले. "भावाभावांत वाटनी झाल्याली हीर हाय म्हना की. आमच्याकडं लई हायेत तसल्या."

चौथ्या दिवशी मात्र त्यांनी मला पकडलं. "पाटानं पानी रानात गेलं. बरं. तुमी म्हनता, दुसऱ्या पाटानं माघारी येतं. मग ह्या पाटातनं त्या पाटात जातं कसं? मधी काय हाय?"

मला माहीत नव्हतं. सगळा धडा पाठ, आणि मध्ये काय आहे ते माहीत नाही! मी त्यांच्यादेखतच पानं उलटली. 'कॅपिलरीज' हा शब्द मी शेकडो वेळा म्हटला होता. तो कुठल्या तरी वेगळ्याच अवयवाचं नाव असावा अशी माझी समजूत होती. केसाहून बारीक नळ्या, त्यांतून रक्त कणाकणापर्यंत पोचतं आणि तिथूनच परत फिरतं, असं मी वाचून सांगितलं.

"म्हंजी मुरतं," बाबा म्हणाले. "मुरतं, अन् पाझरून पुन्ना हिरीत येतं. ह्यात काय आवगड हाय?"

पुढे वॉर्डात नवा रोगी आला की मिस्त्री त्याला आधी झडपा समजावत आणि बाबा वाटणीची विहीर. डॉक्टरांनी एकदा बाबांच्या छातीला नळी लावली, तर बाबांनी विचारलं, "उजवी मोट बरी चाललीय न्हवं?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तापाचं कोष्टक वाचू लागले.

परीक्षेच्या दिवशी दादा सकाळीच येऊन थडकला. माझं सामान न्यायला रिकामी पोतीसुद्धा बरोबर होती. त्याला कुठे बसवायचं, म्हणून बाबांच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसवलं आणि मी आत गेले.

परीक्षक तेच होते. त्यांनी मला ओळखलं आणि पाण्याचा पेला आधीच पुढे सरकवला. प्रश्नही तोच होता. मी 'द हार्ट इज' म्हटलं आणि पुढचं सगळं पुसून गेलं. छाती धडधडत होती. त्या धडधडीतच मला धावेवरून उतरणारे बैल आठवले. "मराठीत सांगू का?" मी विचारलं. ते नाखुशीनेच हो म्हणाले. मग मी दोन मोटा सांगितल्या, मधली भिंत सांगितली, मिस्त्रींचे वाल सांगितले. ते मध्ये बोलले, पण या वेळी मी पहिल्यापासून सुरुवात केली नाही.

"काळीज विसावा कधी घेतं?"

"बैल मागे येतात तेव्हा."

"आणि रक्त एका नळीतून दुसरीत जातं कसं?"

"मुरतं," मी म्हटलं, आणि पाठोपाठ तो शब्द आपसूक आला, "कॅपिलरीज."

त्यांनी काही तरी लिहिलं. चेहऱ्यावरून काही कळेना. पाच वाजता मेट्रनबाईंनी पास झालेल्यांची यादी वाचली. माझं नाव सर्वांत शेवटी होतं. मी धावतच वॉर्डात गेले. दादा स्टुलावर पुढे झुकून बसला होता आणि बाबा त्याला बोटाने पांघरुणावर पाट काढून दाखवत होते. मी पास झाल्याचं सांगितलं. "म्हाईत हुतं," बाबा म्हणाले आणि पुन्हा पाटाकडे वळले.

दादाला सोडायला मी माळीवाड्याच्या वेशीपर्यंत गेले. पारनेरची मोटार उभी होती. दादा काही बसेना.

"ते म्हातारं म्हनतंय, मुरल्यालं पानी माघारी हिरीत येतं," तो म्हणाला. "आपल्या पारनेरात मुरल्यालं पानी कदी माघारी आलंय?"

"त्यांचं गाव प्रवरेकाठी आहे, दादा. पण अंगातलं रान तुझ्या-माझ्या रानासारखं नाही. त्यातला थेंबही वाया जात नाही." मी खाली बसले आणि काटकीने धुळीत विहीर काढली, भिंत काढली, पाट काढले. दादा माझ्यासमोर उकिडवा बसून ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो माझं काही ऐकत होता. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला आणि मोटार निघून गेली. दादाने वळूनही पाहिलं नाही.

सगळं सांगून झाल्यावर मी भीत भीत विचारलं, "आणि गिरणीवाल्यांना काय सांगशील?"

दादाने पोती काखेत मारली. "त्येला इचारतो, उजव्या मोटंचं पानी कुटं जातं," तो म्हणाला. "न्हाई सांगता आलं, तर नापास."