अंजूची कौदीची शिकवणी

कौदी शिवायला कुणी शिकवणी लावतं का हो? आमची धाकटी जाऊ अंजू जवा म्हणाली, "अक्का, मी ओसरीवर कौदीचा क्लास काढायलेय," तवा मी तोंडात पदर कोंबून हसले. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर घालायचे, वरून धावदोरा मारायचा, झाली कौदी, तुमची गोधडी म्हणा. पोरी आईपाशी बसून शिकतेत. त्याला पाटी कशाला अन् फी कशाला? पण अंजूनं पाटी रंगवलीच, वर कन्नडात, खाली मराठीत, अन् ओसरीच्या खांबाला टांगली. जनवाड्याची पोर, हट्टी.

आम्ही कर्नाटकातल्या कडगंचीचे. इथं युनिव्हर्सिटी आली तशा नोकरदार बाया भाड्यानं राहायला आल्या. अंजूनं आधी फुकट शिकवायचं ठरवलं, तर कुणी फिरकलं न्हाई. फी लावली, तशा बाया टाइमावर हजर! मी कपाळाला हात लावला. मंग एकीनं दुकानातून कोरं करकरीत कापड आणलं. चार थरांत सुई वाकली, बोटातून रक्त आलं. तवापासून अंजूचा नियम झाला: वापरून मऊ झालेलं कापडच आणायचं, अन् ते कुणाच्या अंगावरचं हाय ते सांगून मगच थर घालायचा. मला वाटलं, काय खूळ हे! पण बाया सांगायला लागल्या अन् मी गॅसवरचं दूध विसरून ऐकत बसले. दूध उतू गेलं. मी ते अंजूच्याच माथी मारलं.

अशातच सुशीलाबाई आल्या. मादन हिप्परग्याच्या शाळेत जन्म घालवलेली मास्तरीण, आता रिटायर होऊन इथं लेकीकडं राहायलेली. लकवा होऊन गेल्यापासून उजवा हात थरथरायचा. त्यांचे मालक व्यंकटेशराव गेल्या साली वारले, त्यांची धोतरं पिशवीत घालून आणलेली. लेक संपदा गरोदर होती.

"नातवंडाला आजोबा तर दिसायचे न्हाईत," त्या म्हणाल्या. "त्यांचं धोतर अन् माझा हात तरी अंगावर असू दे. अन् माझ्या हाताचा आता भरवसा न्हाई. बाळ यायच्या आत कौदी झाली पाहिजे, अंजू."

बाई शिवायला बसायच्या तवा बघवायचं न्हाई. सुई हातातून सुटायची, एक टाका इकडं, एक तिकडं. पण उठायच्या न्हाईत.

आता अंजूची चूक सांगते. हिचा स्वतःचा टाका तांदळाएवढा अन् सरळ. वाकडा टाका दिसला की हिला राहवायचं न्हाई. कौद्या आमच्याच घरी ठेवलेल्या असायच्या. बाया गेल्या की ही एकेक कौदी मांडीवर घ्यायची, वाकडे टाके उसवायची अन् सरळ घालायची. दुसऱ्या दिवशी बाया खूष, "बघा की, हात बसायलाय माझा!"

"अगं, कामून ढवळाढवळ करायलीस?" मी म्हणाले.

"अक्का, त्यांना हुरूप येतोय. काम चांगलं दिसलं तर क्लास चालंल."

एका दुपारी सुशीलाबाईंनी कौदी मांडीवर घेतली, तिच्यावरून बोटं फिरवली अन् थांबल्या. पुन्हा फिरवली.

"हे कुणी शिवलं? हा टाका माझा न्हाई."

अंजूचं तोंड उतरलं. पण खोटं बोलली न्हाई. "मी, बाई. वाकडं होतं म्हणून उसवून घातलं."

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरले. "वाकडंच द्यायचं होतं गं मला," म्हणाल्या. "हात माझा तसाच हाय." कौदी गुंडाळली अन् निघून गेल्या. बाकीच्या बाया अंजूकडं बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "माझं पण?" अंजू म्हणाली, "व्हय, सगळ्यांचं." त्यापण आपापली कौदी उचलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर काळं कुत्रं न्हाई. मला त्या बायांचाच राग आला. एवढं निस्तरून दिलं तर वर नखरे! आमचा बालाजी, म्हणजे अंजूचा नवरा, म्हणाला, "उतरव ती पाटी." अंजूनं ऐकलं न्हाई. बारकी कात्री घेतली अन् निघाली. कुणी भांडायला लागलं तर असावं म्हणून मीपण संगं गेले.

ती प्रत्येक दारात एकच बोलायची, "बाई, माझे टाके परत न्यायला आलेय." अन् तिथंच बसून, त्यांच्यासमोर, स्वतः घातलेला एकेक टाका उसवायची. असली शरम गिळायला काळीज लागतं. मला जमलं नसतं, सांगून ठेवते.

सुशीलाबाईंनी मात्र आम्हाला दारातच बसवून ठेवलं. अंजू हलली न्हाई. शेवटी बाईंनीच कौदी आणून पुढ्यात टाकली. अंजूनं टाके काढले अन् धोतराचा वरचा थर उजेडाकडं धरला. "बघा बाई, तुमच्या सुईची भोकं अजून हायत."

बाईंनी त्या भोकांवरून बोट फिरवलं. मंग म्हणाल्या, "सुई ओवून दे."

बाईंचा हात थरथरला, तसा अंजूचा हात आपोआप पुढं गेला. मधेच तिनं तो आवरला, दोन्ही तळवे मांडीखाली दाबले अन् तशीच हातावर बसली. त्या दिवसापासून क्लासात तीच रीत. बाया परत आल्या, नव्या आल्या. कुणाचं कितीबी चुकू दे, अंजू हातावर बसून तोंडानं सांगायची. मी पण बसून बघितलं एकदा. लई अवघड हाय हो.

संपदाचे दिवस भरत आले अन् बाईंची कौदी शेवटच्या कोपऱ्यावर आली. आमच्यात कौदी उपाशी राहू नये म्हणून त्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालतेत. अन् तो कोपरा शिवणारीनं स्वतः बंद करायचा नसतोय. जिच्या हाताला आपण मानतो, तिच्या हातात सुई द्यायची. बाईंनी तुकडा घातला अन् सगळ्यांकडं बघितलं. वयानं मान माझा, मी आपली पदर सावरून बसले.

बाईंनी सुई अंजूपुढं धरली.

अंजूनं मांडीखालचे हात काढले. डोळ्यांतून पाणी वाहायलेलं, पुसायचं भान न्हाई. टाके घातले, अन् शेवटचा टाका गेला वाकडा! चांगला बोटभर वाकडा. जल्मात हिचा असा टाका मी बघितला न्हवता. तिनं लगेच कात्री उचलली.

सुशीलाबाईंनी आपल्या थरथरत्या हातानं तिचं मनगट धरलं.

"अंजू," त्या म्हणाल्या, "हातावर बस."